गाभे किती, वाचक किती?

मराठी विभागात संगणक बदलण्याचा विषय निघाला की दोन ठरावीक मते ऐकू येतात. एक म्हणते, ‘आपल्याला टंकलेखनच तर करायचे; आहे ते पुरे.’ दुसरे म्हणते, ‘निधी मिळतो आहे, तर सर्वांत वेगवान यंत्र घेऊन टाकावे.’ पहिल्यात विरक्तीचा आव आहे, दुसऱ्यात मार्चअखेरची घाई. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरीवली अशा उपनगरांत शिकवणारे आम्ही ही दोन्ही मते वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत आणि दोन्ही आम्हांला सारखीच अपुरी वाटतात. भाषेच्या अभ्यासकाला या यंत्राकडून नेमके कोणते काम करून घ्यायचे आहे, हा प्रश्न दोन्ही पक्षांनी विचारलेला नसतो.

एके काळी निवड सोपी होती. प्रोसेसरच्या घड्याळाची गती दर दोन-तीन वर्षांनी वाढे आणि जुनीच प्रणाली नव्या यंत्रावर आपोआप जलद चाले. ही वाट २००४ च्या सुमारास उष्णतेपाशी अडली. गती आणखी वाढवावी तर यंत्र तापे. म्हणून २००५ मध्ये इंटेल आणि एएमडी या दोघांनीही एका तुकड्यावर दोन गाभे असलेले डेस्कटॉप प्रोसेसर बाजारात आणले. दोनांचे चार झाले, चारांचे आठ, सोळा झाले. इंटेलच्या २०२१ मधील बाराव्या पिढीत तर बलवान आणि काटकसरी असे दोन जातींचे गाभे एकत्र नांदू लागले. महाविद्यालयीन मंडळींना यावरून कायम आणि तासिका तत्त्वावरील अशी विभागणी आठवली तर नवल नाही. वर्ग चालू राहण्यासाठी दुसऱ्या जातीवर किती भिस्त असते, हे त्यांना सांगायला नकोच.

गाभे वाढणे म्हणजे वेग वाढणे नव्हे, ही गोष्ट उपनगरवासीयाला चटकन पटावी. पश्चिम रेल्वेने बारा डब्यांची गाडी पंधरा डब्यांची केली, म्हणून बोरीवलीचा माणूस चर्चगेटला लवकर पोहोचत नाही; एका खेपेत अधिक माणसे पोहोचतात. एखादा निबंध टंकित करणे, तो वाचणे, त्यात दुरुस्ती करणे हा एका प्रवाशाचा प्रवास आहे. तिथे सोळा गाभ्यांपैकी बहुतेक रिकाम्या डब्यांसारखे धावतात. संगणकशास्त्रज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्येच हे सूत्र मांडले होते : कामाचा जो भाग विभागता येत नाही, तोच एकूण वेगाची मर्यादा ठरवतो.

समांतर संगणनाचा हा विचार महाराष्ट्राला परका नाही. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला, तो अनेक प्रोसेसर एकत्र जुंपूनच. आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते ते असे, की याच संस्थेत ‘जिस्ट’च्या रूपाने भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे कामही चालले होते. भारतीय लिप्यांसाठीची ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९९१ मध्येच राष्ट्रीय मानक झाली आणि युनिकोडमधील देवनागरीची मांडणी तिच्याच १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेली आहे. वेग आणि लिपी हे दोन्ही विचार एका छपराखाली होते. त्यांतला वेग आपण बाजारातून विकत घेत राहिलो, लिपीकडे मात्र पाठ फिरवली.

त्याचा परिणाम आज कपाटाकपाटांतून दिसतो. नव्वदच्या दशकापासून पुढे कितीतरी वर्षे प्रबंध, अंक, स्मरणिका निरनिराळ्या खासगी फाँटांत टंकित झाल्या. या फाँटांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले होते. फाँट हरवला, की प्रबंध उरतो तो रोमन चिन्हांचा कचरा होऊन. परिवर्तकातून तो युनिकोडमध्ये आणावा, तर जोडाक्षरांत चुका शिरतात. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला भेद बुजला, तर दरीचा समुद्र होतो. नवा प्रोसेसर ही चूक सुधारणार नाही. फार तर अधिक वेगाने करील.

मग बहुगाभी यंत्राचा आपल्याला उपयोगच नाही काय? आहे, आणि तो खरा आहे. जुन्या नियतकालिकांची पाने प्रतिमारूपाने साठवायची आणि त्या प्रतिमांतून मजकूर ओळखून घ्यायचा, हे काम सुरेख विभागता येते. प्रत्येक पान स्वतंत्र असल्यामुळे आठ पाने आठ गाभ्यांकडे देता येतात. २००५ मध्ये सर्वांसाठी खुली झालेली ‘टेसरॅक्ट’ ही अक्षरओळख-प्रणाली आज मराठीही वाचते. पण ती ‘घ’चा ‘ध’ करते, ‘भ’चा ‘म’ करते आणि फिकट छपाईतला अनुस्वार सहज गिळते.

वाङ्मयाच्या अभ्यासकाचे खरे दुखणे इथेच आहे. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनी व्युत्पत्तीने सिद्ध होणारे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. त्यापूर्वीच्या पुस्तकांत ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘घरांत’ अशी रूपे आहेत. यंत्राने अनुस्वार गाळला किंवा शुद्धिचिकित्सकाने तो ‘सुधारला’, की एकोणिसाव्या शतकातील लेखक आजच्या नियमांनी लिहू लागतो. पुढचा संशोधक त्या संहितेवरून भाषेच्या इतिहासाविषयी निष्कर्ष काढणार असेल, तर ही किरकोळ चूक राहत नाही; तो पुरावाच नष्ट होतो. म्हणून मूळ पान शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहणारा माणूस लागतोच. समजा, एका ग्रंथाच्या कामाला शंभर तास लागतात आणि त्यांतले दहा यंत्राचे, नव्वद वाचकाचे आहेत. गाभे अगणित केले, तरी नव्वद तास उरतातच. अ‍ॅमडालचे सूत्र मुद्रितशोधकाच्या टेबलावरही खरे ठरते. ते नव्वद तास कमी करायचे, तर वाचक वाढवले पाहिजेत.

तरीही ‘आहे ते पुरे’ म्हणून स्वस्थ बसणे आता परवडणारे नाही, याचे कारण वेगाहून वेगळे आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० हवे आणि इंटेलचा प्रोसेसर सामान्यतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. विभागांतली कितीतरी धडधाकट यंत्रे यात बसत नाहीत. सुरक्षेची अद्यतने न मिळणाऱ्या यंत्रावर विद्यार्थ्यांचे गुण आणि अप्रकाशित प्रबंध ठेवणे हा निष्काळजीपणा होय. पण त्यासाठी सरसकट सगळी यंत्रे भंगारात काढायचीही गरज नाही. शिक्षणसंस्थांना अद्यतने आणखी तीन वर्षांपर्यंत शुल्क भरून मिळू शकतात. लिनक्स हा पर्याय आहे, त्यावर देवनागरी उत्तम चालते. जुन्या फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, तर टंकलेखनाच्या यंत्राला जो जीव येतो, तो नव्या गाभ्यांनी येत नाही.

तेव्हा आमचे मत असे : विभागाने एकच चांगले बहुगाभी यंत्र घ्यावे आणि ते केवळ जुन्या ग्रंथांच्या अक्षरओळखीसाठी राखून ठेवावे. बाकीच्या यंत्रांची डागडुजी करावी. वाचलेल्या पैशांतून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मुद्रितशोधनाचे मानधन द्यावे. अनुदानाच्या शीर्षकात ‘उपकरणे’ असते, ‘वाचन’ नसते, हे आम्हांला ठाऊक आहे. हिशेब तपासणाऱ्याला यंत्र दाखवता येते, ताडून पाहिलेला अनुस्वार दाखवता येत नाही. पण हे शीर्षक बदलून मागायचे असेल, तर ते भाषेच्या विभागांनीच मागितले पाहिजे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्र सरकारने घेतला. अभिजाततेचे पुरावे ज्या पानांत आहेत, ती पाने नीट वाचून पुढच्यांच्या हाती देणे हे काम कोणत्याही दुकानातून आणता येणार नाही.