जर्सीवरचे नाव

यंदा या अंकासाठी जाहिराती मिळवण्याचे काम माझ्याकडे आले. बाजारपेठेत पायपीट करताना एक गोष्ट कळली. ‘देऊ की!’ हे दोन शब्द कुठल्याही दुकानात सहज मिळतात. पावतीपुस्तक मात्र कोरेच राहते. त्याच दिवसांत लिंडा मॅकार्टनी सायकल-संघाची हकीकत वाचनात आली आणि ती काही मनातून जाईना.

हा इंग्लंडमधला व्यावसायिक संघ १९९८ साली उभा राहिला. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांच्या पत्नी लिंडा यांच्या नावाने शाकाहारी खाद्यपदार्थ विकले जात. त्या मालाची जाहिरात हा संघाचा आधार. म्हणून खेळाडूंनीही शाकाहारीच राहायचे! शाकाहारावर माणसाच्या पायांत बळ येते का, ही तिकडची शंका आपल्या वारकऱ्यांना ऐकवली तर ते हसतील. असो.

संघ म्हणजे नुसता जाहिरातीचा फलक नव्हता. मार्गदर्शक होते शॉन येट्स. १९९४ च्या टूर द फ्रान्समध्ये त्यांनी एक दिवस पिवळी जर्सी घातली होती. १९९६ च्या ऑलिंपिकमधील रस्त्यावरच्या शर्यतीचा सुवर्णविजेता पास्कल रिशार आणि त्याच शर्यतीत कांस्यपदक मिळवणारा मॅक्स शिआंद्री, दोघेही २००० साली या संघात होते. त्या वर्षी मे महिन्यात संघ इटलीच्या ‘जिरो’ शर्यतीत उतरला. सातव्या टप्प्यात ऑस्ट्रेलियाचा डेव्हिड मॅकेन्झी घोळक्यातून पुढे सुटला. असा एकटा सुटलेला स्वार बहुधा शेवटी पकडला जातो, कारण घोळक्यातले लोक आळीपाळीने वारा अंगावर घेतात आणि याला तो सगळा एकट्यालाच कापावा लागतो. मॅकेन्झीने दीडशेहून अधिक किलोमीटर तो कापला आणि तेरामो गावी पहिला आला.

आणि आठ महिन्यांत, जानेवारी २००१ मध्ये, संघच बुडाला. नव्या हंगामासाठी खेळाडू घेतले होते. पैसा आला नव्हता. त्या खेळाडूंत वीस वर्षांचा ब्रॅडली विगिन्स होता. पुढे २०१२ साली टूर द फ्रान्स जिंकणारा तो पहिला ब्रिटिश स्वार ठरला, म्हणून त्याचे नाव आपल्याला ठाऊक. पण जानेवारीत इतर संघांच्या जागा भरलेल्या असतात. तेव्हा दारोदार फिरलेल्या बाकीच्यांचे काय?

या खेळाला तिकीटखिडकी नाही. लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून फुकट पाहतात. दूरचित्रवाणीचा पैसा मुख्यतः शर्यत भरवणाऱ्यांकडे जातो. पूर्वी सायकलींचे कारखानदारच संघ पोसत. १९५४ साली इटलीच्या फिओरेंझो मान्यीने आपल्या संघाच्या जर्सीवर निव्हिया क्रीमचे नाव आणले आणि बाहेरच्या पैशाला वाट मोकळी झाली. तेव्हापासून संघाला स्वतःचे नावसुद्धा उरलेले नाही. प्रायोजक बदलला की बारसे पुन्हा!

प्रायोजकाला मी दोष देत नाही. तो व्यापारी आहे, जाहिरातीसाठी येतो, काम झाले की जातो. माझा आक्षेप निराळा आहे. आश्वासनावर संघ उभारणारे दुसऱ्याच्या आयुष्यावर उधारी करतात. माझा एक मित्र म्हणतो, ‘अरे, संघ निघालाच नसता तर मॅकेन्झीला तेरामो तरी दिसले असते का?’ मुद्दा खरा आहे आणि मला तो टाळता येत नाही. तरीही पगाराची रक्कम बँकेत पडल्याशिवाय जर्सी शिवायला टाकू नये, असे मला वाटते. आज मोठ्या संघांकडून जागतिक संघटना बँकेची हमी घेते. चांगलेच आहे, पण हमीतून पगाराचा काही भाग मिळतो, बुडालेला हंगाम मिळत नाही. विशी-पंचविशीतल्या खेळाडूकडे असे किती हंगाम असतात? संघ मध्येच मोडला तर त्याच्या स्वारांना दुसरीकडे जागा देण्याची सोय संघटनेनेच करून ठेवायला हवी, आणि तिचा खर्च शर्यती भरवणाऱ्यांनी उचलावा. दूरचित्रवाणीवर त्यांचा माल म्हणून विकले जातात ते या स्वारांचेच पाय.

जाता जाता संपादकांच्या माहितीसाठी: शेवटच्या पानावरच्या दोन जाहिरातींचे पैसे अजून आलेले नाहीत. मी उद्या पुन्हा जाऊन येतो.