बागांतील किडींचा बंदोबस्त विषाविना करण्याबाबत निवेदन

प्रति,
माननीय जिल्हाधिकारी,
जिल्हा दुर्ग, छत्तीसगढ

विषय : मोहन नगर व लगतच्या वसाहतींतील सार्वजनिक बागा आणि परसबागांत सरसकट कीटकनाशक फवारणी थांबवून पक्षी, मधमाश्या व मित्रकीटक राखणारी पद्धत लागू करणेबाबत.

महोदय / महोदया,

कारखान्याच्या आणि रेल्वेच्या नोकरीनिमित्त विदर्भातून इकडे येऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी आम्ही मोहन नगरचे रहिवासी. आमच्या अंगणांत कढीपत्ता, लिंबू, जास्वंद, पपई आणि इथे ज्याला मुनगा म्हणतात तो शेवगा आहे. परसातल्या भाजीचे मोल या राज्याला वेगळे सांगायला नको. ‘नरवा, गरुवा, घुरुवा, बाड़ी’ या शासकीय कार्यक्रमात बाडीला नाल्याच्या आणि गुरांच्या जोडीने जागा मिळाली होती. ती बाडी शहरात जगवताना आलेली अडचण आपल्यापुढे मांडत आहोत.

पाने जरा आकसली, कळीवर मावा दिसला की फवारणीवाल्याला बोलावले जाते आणि तो सगळ्या झाडांवर एकच औषध मारून जातो. सार्वजनिक बागांतही कीड आहे की नाही हे न पाहता ठरावीक दिवशी फवारणी होते. आमची मुख्य तक्रार या ‘न पाहता’बद्दल आहे. मावा असतो तिथे ढालकिडाही असतो. एक प्रौढ ढालकिडा दिवसाला पन्नासच्या आसपास मावा फस्त करतो, आणि त्याची अळीही तितकीच खादाड. पण ही काळी, काटेरी, नारिंगी ठिपक्यांची अळी प्रौढ ढालकिड्यासारखी मुळीच दिसत नाही, म्हणून लोक तिलाच कीड समजून मारतात. औषधाने मावा आणि ढालकिडा दोन्ही मरतात. मावा बिनपंखी माद्यांतून काही दिवसांत पुन्हा वाढतो, ढालकिड्याला मात्र बराच काळ लागतो. मग दुसरी फवारणी, मग तिसरी. शिवाय माव्याच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि ढालकिड्याला हुसकावतात. खोडाला चिकट पट्टी बांधून मुंग्यांची वाट बंद केली, तर पुष्कळदा तेवढ्यानेच काम भागते.

शेवग्याच्या केसाळ सुरवंटांचेही तसेच. पावसाळ्यात ते दिवसा खोडावर घोळक्याने बसतात. तेव्हा ते खरवडून साबणाच्या पाण्यात टाकता येतात, झाडभर विष मारण्याची गरज नसते. पावशा आणि चातक हे सुरवंट आवडीने खातात. लिंबाची आणि कढीपत्त्याची पाने कुरतडणारी हिरवी अळी पुढे लिंबाचे फुलपाखरू होते. मोठ्या झाडाला तिने चार पाने खाल्ल्याने काही होत नाही, रोप लहान असेल तर ती हाताने उचलून मोठ्या झाडावर सोडावी.

हा केवळ हौशी बागवानांचा आग्रह नाही. 2008 मध्ये कोइम्बतूर भागात पपईवरचा पिठ्या ढेकूण आला आणि पुढे महाराष्ट्रापर्यंत पसरला. फवारण्यांना तो दाद देईना. 2010 मध्ये पोर्तो रिकोहून ॲसेरोफॅगस पपाई ही डोळ्यांना जेमतेम दिसणारी परजीवी गांधीलमाशी आणून सोडली गेली, आणि तिने ही कीड आटोक्यात आणली. उलट बाजूचे उदाहरण आमच्या मनाला अधिक लागलेले आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. आमच्यापैकी अनेकांचे नातलग त्या भागात आहेत. अंगणात उघड्या हातांनी, तोंडाला फडकेही न बांधता फवारणारा माणूस दिसला की आम्हाला ती बातमी आठवते.

म्हणून आमची पहिली आणि सर्वांत निकडीची मागणी विक्रीबाबत आहे. 1968 चा कीटकनाशक कायदा आणि 1971 चे नियम यांप्रमाणे प्रत्येक डब्यावर विषारीपणा दाखवणारा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण हवा. औषध सुट्या बाटलीत ओतून दिले की तो त्रिकोणच नाहीसा होतो, आणि घरातल्या लहान मुलाला त्या बाटलीत काय आहे ते कळायचा मार्ग उरत नाही. कृषी विभागाच्या कीटकनाशक निरीक्षकांकडून शहरातील दुकानांची तपासणी करून सुटी विक्री बंद करावी. 31 डिसेंबर 2020 पासून बंदी असलेली डायक्लोरव्हॉस आणि फोरेट ही औषधे जुन्या साठ्यातून कोठे मिळत असतील तर ती जप्त करावीत.

सार्वजनिक बागांत आधी पाहणी, मग हाताने किंवा पाण्याच्या फवाऱ्याने कीड काढणे, त्यानंतर निंबोळी अर्क, आणि रासायनिक औषध केवळ लेखी कारण नोंदवून, असा क्रम बंधनकारक करावा. लाल आणि पिवळ्या त्रिकोणाची औषधे तिथे मुळीच वापरू नयेत. पाच टक्के निंबोळी अर्काला लिटरमागे निंबोळ्यांची 50 ग्रॅम भरड रात्रभर भिजवून गाळली की पुरते, आणि कडुनिंब आपल्या रस्त्यांवर भरपूर आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस निंबोळ्या झाडून कचरागाडीत जातात, त्या माळ्यांकरवी गोळा करून वाळवाव्यात. राज्यात 28 जुलै 2022 रोजी, हरेलीच्या दिवशी, गोमूत्र खरेदी सुरू होऊन त्यापासून ब्रह्मास्त्र हे कीडरोधक बनू लागले होते. बचत गटांना अवगत झालेले ते कौशल्य शहरातील बागांसाठी वापरात आणावे.

डासांसाठीच्या धुरळणीबद्दल आमचा विरोध सरसकट नाही. डेंग्यूची साथ असेल तर ती करावीच लागेल. पण धुराने उडते डास मरतात, कूलर आणि टाक्यांतल्या अळ्या तशाच राहतात. म्हणून साचलेले पाणी काढणे आणि टाक्यांत गप्पी मासे सोडणे यांना आधी मनुष्यबळ द्यावे, आणि धुरळणीची सूचना आदल्या दिवशी द्यावी. ज्या झाडांवर आग्यामोहळ आहे ती झाडे वगळावीत.

उंदरांसाठी बागेत विषारी आमिष ठेवू नये. विष खाऊन सुस्तावलेला उंदीर पिंगळ्याच्या किंवा धामणीच्या तोंडी जातो, आणि उंदरांना आवर घालणारेच मरतात. कचरा वेळेवर उचलला आणि पिंजरे लावले तर आमिष लागत नाही. धामण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, ती मारू नये असे फलक बागांत लावावेत.

शेवटची मागणी प्रशिक्षणाची. रायपूरचे इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय आणि जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्र यांच्या तज्ज्ञांकडून माळ्यांना आणि फवारणीचे काम करणाऱ्यांना मित्रकीटक ओळखायला शिकवावे, आणि ट्रायकोकार्ड, पिवळे चिकट सापळे व फळमाशीचे सापळे शहरवासीयांना रास्त दरात मिळावेत अशी सोय करावी. प्रत्येक बागेचा एक कोपरा पालापाचोळा न जाळता, रुई आणि देशी फुलझाडे राखून तसाच सोडावा. मोहन नगरातील एका बागेत हा प्रयोग करायचा ठरल्यास पाहणीची आणि नोंदी ठेवण्याची जबाबदारी आम्ही रहिवासी घेऊ.

पावसाळी किडी येण्याआधी निर्णय झाला तर याच हंगामात काम सुरू होईल. त्यासाठी हरेलीपूर्वी, म्हणजे आमच्या दिव्याच्या अवसेपूर्वी, कृषी, उद्यान व आरोग्य विभागांसह आम्हाला चर्चेसाठी वेळ द्यावा, ही नम्र विनंती. या निवेदनाची हिंदी प्रत सोबत जोडली आहे.

आपले विनम्र,
मोहन नगर परिसरातील मराठी भाषक रहिवासी

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :
आयुक्त, नगर पालिक निगम
उपसंचालक, कृषी विभाग, दुर्ग