सुया घेऊन सभेला

जानेवारीच्या मध्यावर लोकरीच्या कामांची अवस्था ठरलेली असते. दिवाळीनंतर हौसेने सुईवर घातलेल्या स्वेटरची पाठ पूर्ण असते, पुढच्या भागाचा गळा अडलेला असतो, क्रोशाच्या दुपट्याचे चौकोन पिशवीत पडून असतात आणि थंडी जायला निघालेली असते. नेमकी याच सुमारास 26 जानेवारीची ग्रामसभा येते. शहरात सोसायटीची सभा लागते, मतदारयादीतलं नाव तपासायचं राहून गेलेलं असतं, रस्त्याच्या कामाबद्दल टाकलेल्या माहिती अधिकाराच्या अर्जावर अपील करण्याची मुदत संपत आलेली असते. मग हातकाम करणारी माणसं, त्यातही बायका, स्वतःला दोष देऊ लागतात. एवढा वेळ सुयांवर घालवला, तो चार लोकांच्या कामाला दिला असता तर? हा दोष मला अस्थानी वाटतो. विणकाम आणि सार्वजनिक काम एकाच वेळेवर हक्क सांगतात, म्हणजे एकाला दिलेला तास दुसऱ्याकडून पळवलेला असतो, असं त्यात गृहीत धरलेलं आहे. सार्वजनिक काम प्रत्यक्षात कसं चालतं हे पाहिलं, की ते गृहीतक टिकत नाही.

भाषणं, मोर्चे, घोषणा हा त्या कामाचा अगदी लहान भाग. उरलेलं बहुतेक सगळं बसणं असतं. सरपंच येईपर्यंत बसणं, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून होईपर्यंत बसणं, आपला विषय अकरावा असेल तर आधीचे दहा ऐकत बसणं, साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणून कार्यालयातल्या बाकावर बसणं. आपल्याकडे ग्रामसभेच्या गणपूर्तीला एकूण मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसं पुरतात. म्हणजे दोन-तीन हजार मतदारांच्या गावातही शंभर जण जमले की भागलं. तरीसुद्धा ‘गणपूर्तीअभावी तहकूब’ हा शेरा इतिवृत्तांच्या वह्यांमध्ये ओळखीचा आहे. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट नसते, त्यामुळे घरकुलांची यादी असो की पाणीपट्टी, मूठभर माणसांच्या बैठकीत ठराव होऊन जातो. तिथे अधिकार चालतो तो बसून राहणाऱ्यांचा. आणि हातात काम असलेलं माणूस रिकाम्या हाताच्या माणसापेक्षा जास्त वेळ, कमी चिडचिड करत बसू शकतं. म्हणून माझं म्हणणं असं की विणकाम कमी करून सभेला जाण्याऐवजी विणकाम घेऊन सभेला जावं. फक्त त्या विणकामाची हजेरीपटात नोंद करू नये. या दुसऱ्या वाक्याचं महत्त्व पहिल्याहून जास्त आहे, त्याकडे पुढे येतो.

पहिल्या वाक्याला पुरावा ऑस्ट्रेलियातून. न्यू साउथ वेल्स राज्याच्या उत्तर भागात 2012 च्या सुमारास कोळशाच्या थरांमधला वायू काढण्याचे प्रकल्प येऊ घातले होते. शेती आणि भूजल यांच्या काळजीने तिथल्या प्रौढ नि वयस्क बायकांनी एक गट काढला, ‘निटिंग नॅनाज’, म्हणजे विणणाऱ्या आज्या. त्यांची पद्धत साधी होती. लिस्मोरच्या आमदाराच्या कार्यालयाबाहेर खुर्च्या टाकायच्या, पिवळी-काळी लोकर काढायची आणि विणत बसायचं. पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचं. त्यांनी विणलेल्या वस्तू काही कलादालनात ठेवण्याजोग्या नव्हत्या, आणि त्याची कोणाला फिकीरही नव्हती. महत्त्वाचं होतं ते पुन्हापुन्हा येणं. निदर्शनांचा उत्साह तिसऱ्या-चौथ्या खेपेला ओसरतो, कारण आता इथे उभं राहून करायचं काय, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. या बायकांना तो पडत नव्हता. 2014 मध्ये लिस्मोरजवळच्या बेंटली इथे खोदकाम रोखायला हजारो लोक तळ ठोकून बसले आणि सरकारने कंपनीचा परवाना निलंबित केला. ते श्रेय एकट्या विणणाऱ्यांचं नक्कीच नाही, पण त्या चळवळीचा टिकाऊ भाग त्यांनी सांभाळला होता. पुढे 2022 मध्ये त्या राज्याने रस्ते आणि मोठ्या सार्वजनिक सुविधा अडवणाऱ्या निदर्शकांसाठी कडक शिक्षांचा कायदा केला. त्याला न्यायालयात आव्हान देणाऱ्या दोघी याच गटातल्या होत्या, आणि डिसेंबर 2023 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याचा काही भाग घटनाबाह्य ठरवला. कोर्टकचेरीसुद्धा मुख्यतः वाट पाहण्याचंच काम आहे, हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

यावर पहिली हरकत शिष्टाचाराची असते. सभेत सुया चालवणं म्हणजे बोलणाऱ्याचा अपमान, आणि ऐकणाऱ्याचं लक्ष तरी कुठे असणार? 1983 मध्ये पश्चिम जर्मनीच्या संसदेत ग्रीन पक्ष पहिल्यांदा निवडून आला तेव्हा त्याचे काही सदस्य सभागृहात विणत बसत. त्यावर भरपूर टवाळी झाली. आज आपल्या सभांमध्ये निम्मी माणसं मान खाली घालून मोबाइल सरकवत असतात, त्याला मात्र कोणी अपमान म्हणत नाही. मोबाइल कान आणि डोळे दोन्ही पळवतो. सरळ वीण डोळेसुद्धा मागत नाही. ब्रिटनमधल्या मानसशास्त्रज्ञ जॅकी अँड्रेड यांनी 2009 मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला होता. 40 जणांना फोनवरचा एक कंटाळवाणा निरोप ऐकवला, त्यांतल्या निम्म्यांना ऐकताऐकता कागदावरच्या आकृत्या पेन्सिलीने भरायला सांगितल्या, आणि त्या निम्म्यांना निरोपातले तपशील 29 टक्के जास्त आठवले. पेन्सिल म्हणजे सुई नव्हे आणि 40 माणसं म्हणजे काही जग नव्हे, त्यामुळे यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. पण हात हलला की कान बंद होतात, ही समजूत निदान सैल व्हायला हरकत नाही. हरकतीत तथ्य आहे ते एवढंच की काम निवडून न्यावं लागतं. दोन रंगांची नक्षी, जाळीची वीण, गळ्याची घट, टाके मोजत करायचं काहीही सभेत नेलं की एक तर टाका सुटतो किंवा ठराव. मफलर, मोज्याचा सरळ भाग, एक सुलट एक उलटची पट्टी हे सभेचं काम. ज्याला डोकं लागतं ते घरी.

‘घरी’ म्हटल्यावर मात्र खरा हिशेब उघडावा लागतो. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यांवर दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवतात. अशी कामं करणाऱ्या पुरुषांचा आकडा 88 मिनिटांचा आहे. ग्रामसभेला बाई दिसत नाही याचं कारण शोधताना लोकरीच्या पिशवीकडे बोट दाखवणाऱ्याने आधी हे दोन आकडे शेजारीशेजारी मांडावेत. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आपल्या कायद्यात आहे आणि पंचायतींमध्ये निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. तरीही सभेची वेळ ठरवताना चूल, पाणी आणि शेत यांचं वेळापत्रक विचारात घेतलं जात नाही. उलट हातकामाने बायकांना एक सवलत मिळवून दिलेली आहे. नुसती बसलेली बाई आपल्या समाजाच्या डोळ्यांना खुपते, हातात गोधडी किंवा सुया असल्या की तिला बसण्याची मुभा मिळते. ही मुभा मागावी लागते हे वाईटच. पण ती ओट्यावरून समाजमंदिरात नेता येत असेल तर न्यावी.

आता ते दुसरं वाक्य. हातकामालाच कर्तव्य मानलं आणि त्याची हजेरी घेऊ लागलो तर काय होतं, याचा सगळ्यात मोठा प्रयोग आपल्याच देशात झाला, आणि तोही महाराष्ट्राच्या उंबऱ्यावर. डिसेंबर 1924 मध्ये बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्षस्थानी होते, आणि ते अध्यक्ष असलेलं हे एकमेव अधिवेशन. तिथे ठरलं की काँग्रेसच्या सभासदाने वर्गणी म्हणून चार आणे न देता दरमहा 2000 वार सूत द्यायचं. मागणी अवाजवी नव्हती. दिवसाला सदुसष्ट वार, म्हणजे सराव असलेल्या हाताला अर्ध्या तासाचंही काम नाही. पण ज्याला कातता येत नाही किंवा कातायचं नाही त्याने दुसऱ्याने कातलेलं सूत आणून द्यावं, अशी पळवाट त्या ठरावातच होती. मग व्हायचं तेच झालं. सूत विकत मिळू लागलं आणि वर्गणी फक्त नाण्याच्या जागी गुंडीने भरली जाऊ लागली. वर्षही पुरतं झालं नव्हतं तेव्हा, सप्टेंबर 1925 मध्ये पाटण्याला चार आण्यांचा पर्याय परत आला, आणि सूतकताईसाठी अखिल भारत चरखा संघ ही वेगळी संस्था निघाली. माझ्या मते हा सगळा घटनाक्रम चरख्याचा पराभव नव्हता. चरखा संघाने पुढे हजारो कातणारणींना काम दिलं, आणि 1935 नंतर त्यांची मजुरी वाढवण्याचा आग्रह खुद्द गांधीजींनी धरला. पराभव झाला तो हातकामाला सभासदत्वाचं माप बनवण्याचा. राजकीय संस्थेत बसून वाद घालणं हे एक काम आणि सूत काढणं हे दुसरं. एकाची पावती दुसऱ्याच्या खिडकीवर चालेना.

त्याच सप्टेंबर 1925 मध्ये रवींद्रनाथ टागोरांनी ‘मॉडर्न रिव्ह्यू’मध्ये चरख्यावर टीका करणारा लेख लिहिला. सगळ्यांनी एकच यांत्रिक हालचाल करत राहावं, या अपेक्षेने मन बोथट होतं, असा त्यांचा रोख होता. गांधीजींनी नोव्हेंबरमध्ये ‘यंग इंडिया’त उत्तर दिलं, त्याचा आशय असा की मी कोणाला आपला व्यवसाय सोडायला सांगत नाही, रोजची तीस मिनिटं तेवढी मागतो. टागोरांची हरकत माझ्या म्हणण्यालाही लागू होते, ती टाळता येणार नाही. वर मी ज्या सरळ विणीचं कौतुक केलं ती यांत्रिकच आहे. पण फरक असा की सभेत मनाला दुसरं काम दिलेलं असतं. हात यंत्रासारखे चालतात ते कान आणि बुद्धी मोकळी राहावी म्हणून. जिथे हाताचं काम हेच संपूर्ण कर्तव्य ठरतं आणि बुद्धीला काहीच उरत नाही, तिथे टागोर बरोबर आहेत. बेळगावच्या ठरावात ती पायरी ओलांडली गेली होती.

हजेरीपटाचा दुसरा धोका मजुरीचा आहे, आणि त्याबद्दल आपण फारच कमी बोलतो. ऑगस्ट 1914 मध्ये युद्ध सुरू होताच इंग्लंडमध्ये राणी मेरीच्या पुढाकाराने घरोघरच्या बायका सैनिकांसाठी शिवायला आणि विणायला बसल्या. कर्तव्याची केवढी लाट. पण त्याच आठवड्यांत कापडधंद्यातल्या कितीतरी कामगार बायकांची नोकरी गेली होती. जे सदरे आणि मोजे शिवून-विणून त्या पोट भरत, तेच आता सुखवस्तू घरांतून फुकट येऊ लागले तर त्यांनी जायचं कुठे? कामगार संघटक मेरी मॅकार्थर यांनी हे थेट राणीसमोर मांडलं. मग बेकार झालेल्या बायकांना मजुरी देऊन काम पुरवण्यासाठी राणीच्या नावाने निधी उभा राहिला. आपल्याकडे दर हिवाळ्यात मंडळं आणि महाविद्यालयं टोप्या-ब्लँकेटं वाटतात तेव्हा हा प्रश्न विचारायला हवा. त्याच तालुक्यात शिवणकाम-विणकाम करणारा बचत गट असेल तर वर्गणी काढून त्याच्याकडून माल घेणं हे फुकट विणून देण्यापेक्षा सरस. यात विणणाऱ्याची हौस मारली जाते असंही नाही. ती आपल्या माणसांसाठी, आपल्या आनंदासाठी खुशाल चालू राहावी. तिला समाजसेवेचं प्रमाणपत्र लागतंच असं कोणी सांगितलं?

एक अपवाद मान्य करायला हवा. जानेवारी 2017 मध्ये वॉशिंग्टनच्या महिला मोर्चात गुलाबी लोकरीच्या टोप्यांचा समुद्र दिसला. त्यांतल्या कितीतरी टोप्या विणणाऱ्या बायका मोर्चात नव्हत्याच. आजारपण, अंतर, लहान मूल, नोकरी अशा कारणांनी त्यांना जाता आलं नव्हतं, म्हणून त्यांनी टोपी विणून जाणारीच्या हाती दिली होती. या टोप्यांवर फॅशन म्हणून टीका झाली, रंगाबद्दल झाली, नावाबद्दलही झाली, आणि त्यातली काही रास्त होती. पण ज्याला येताच येत नाही त्याने हाताने केलेली वस्तू पाठवणं आणि ज्याला येता येतं त्याने वस्तू पाठवून सुटका करून घेणं, यांत अंतर आहे. गुडघे धरलेल्या आजींना ग्रामपंचायतीचा जिना चढवत नसेल तर त्यांची टोपी हीच त्यांची हजेरी म्हणायला माझी हरकत नाही, जरी त्या जिन्याला कठडा आणि शेजारी उतार का नाही हा विषय त्या टोपीबरोबर सभेपुढे गेला पाहिजे. बाकीच्यांनी येत्या ग्रामसभेला अडलेला गळा घरी ठेवावा, सरळ विणीचं काहीतरी पिशवीत टाकावं, आणि विषयपत्रिका आधी मागून घ्यावी. ती नोटिशीबरोबर मिळायला हवी. नाही मिळाली तर सभेतला पहिला प्रश्न तोच.