जीपचा टप आणि अब्बांचा रंग



मृग जवळ आला की आमच्या इंदापूरच्या घरी एक काम ठरलेले असते. अब्बांच्या जुन्या महिंद्रा जीपचे कापडी हूड उतरवायचे आणि फायबरचा टप चढवायचा. टप चढवताना अब्बा दरवेळी सांगतात, की ही कंपनी १९४५ साली ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने सुरू झाली. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले.

दोन वर्षांपूर्वी अब्बा बारामतीला दवाखान्यात होते. आभाळ भरून आले म्हणून मी आणि धाकट्या भावाने दोघांनीच टप चढवला. उचलला कमी, ओढला जास्त. मागच्या कडेला वीतभर ओरखडा गेला. वर रबर बसल्याने तो झाकला गेला. हिवाळ्यात टप काढला, तर तिथे गंज धरलेला. तो हिरवा रंग अब्बांनी स्वतः उभे राहून मारून घेतला होता. ते रागावले नाहीत, पण मलाच वाईट वाटले.

तेव्हापासून आम्ही हे काम असे करतो.

आधी गाडीच्या कडा आणि टपाची खालची बाजू भरपूर पाण्याने धुवावी. आपल्याकडची रस्त्याची धूळ रंगावर पॉलिशपेपरसारखी घासते. कोरड्या फडक्याने धूळ पुसू नये. कुठे पत्रा उघडा पडला असेल, तर गंज घासून प्रायमर आणि रंग लावावा, पूर्ण वाळू द्यावा.

रबर दाबून पाहावे. कडक झाले, चिरले असेल तर बदलावे. टप टेकणाऱ्या कडांवर मास्किंग टेप लावावी आणि टप बसल्यावर लगेच काढावी. उन्हात राहिली, तर तिचा गोंद रंगाला चिकटतो. म्हणून हे काम असरनंतर, पत्रा निवल्यावर करावे.

चार कोपऱ्यांना चार जण हवेत आणि पाचवा बाजूला उभा राहून सांगणारा. पट्ट्याचे बक्कल, घड्याळ, अंगठी काढून ठेवावी. टप सरळ वर उचलावा, आधी पुढच्या काचेच्या चौकटीवर टेकवावा, मग मागे सोडावा. जागा चुकली तर सरकवू नये, पुन्हा उचलावा.

सगळे बोल्ट आधी हाताने धरवावेत, खाली रबरी वायसर घालावा. मग समोरासमोरचे कोपरे घेत थोडे थोडे आवळावेत. एकच बोल्ट आधी पूर्ण आवळला, तर फायबर तडकते. शेवटी बादलीने पाणी ओतून गळती पाहावी. शंभरेक किलोमीटर गाडी फिरल्यावर बोल्ट पुन्हा तपासावेत.

एक गोष्ट विसरू नका. टप मूळ गाडीचा नसून नव्याने बसवणार असाल, तर आधी बारामतीच्या आरटीओ कार्यालयात चौकशी करा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतील बदलांवर बंधने आहेत.

यंदा मोहल्ल्यातली चार मुले आली. अब्बा खुर्ची टाकून बसले आणि पाचव्याचे काम त्यांनीच केले. अम्मीने चहा आणेपर्यंत टप बसला होता. अब्बांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “आता येऊ दे पाऊस.”