सेकंड ओपिनियन म्हणजे गद्दारी नव्हे!

आपल्याकडे साधा मोबाईल घ्यायचा तरी लोक चार दुकानं पालथी घालतात. नाकात दुर्बीण घालून हाडं कापायची वेळ आली की मात्र एकच मंत्र: "डॉक्टरांवर विश्वास ठेव."

माझं सायनसचं ऑपरेशन होऊन आठ महिने झाले. नाक चोंदलेलंच, कपाळ ठणकतंय, फोडणीचा वाससुद्धा येत नाही. सर्जनचं उत्तर काय, तर "पुन्हा एकदा करून टाकू." मी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवतो म्हटल्यावर घरचे म्हणाले, "अरे, त्यांना काय वाटेल?" काय वाटायचं ते वाटो, नाक माझं आहे!

त्रास परत सुरू झाला म्हणजे सर्जनच वाईट, असं मी अजिबात म्हणत नाहीये. हे ऑपरेशन सायनसच्या वाटा मोकळ्या करतं, आतली सूज कायमची बंद करत नाही. पॉलिप असलेल्यांना तर उत्तम ऑपरेशननंतरही मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि स्टिरॉइड स्प्रे बरेच दिवस चालू ठेवावे लागतात.

पण म्हणूनच आधी कारण कळायला हवं ना? मोकळी केलेली वाट व्रणाने पुन्हा बंद झाली असेल. हाडाचा पडदा अर्धवट राहिला असेल. वरच्या दाढेतलं इन्फेक्शन सायनसमध्ये उतरत असेल, मग नाकात कितीही कापा, उपयोग शून्य. बुरशी असेल. किंवा मुळात ती डोकेदुखी सायनसची नसून मायग्रेनची असेल. बग कुठे आहे ते न बघता तोच पॅच पुन्हा टाकणाऱ्याला आपण ऑफिसात काय म्हणतो?

त्यात दुसरं ऑपरेशन पहिल्याइतकं सोपं नसतं. डोळा आणि सायनस यांच्यामध्ये कागदासारखं पातळ हाड असतं, वर मेंदू. पहिल्या ऑपरेशनने आतल्या खुणा बदललेल्या असतात. म्हणून नुसता कान-नाक-घसा तज्ज्ञ नाही, तर नाक-सायनसचंच काम करणारा, अशी दुसरी ऑपरेशन्स नेहमी करणारा माणूस गाठायचा. (डोळा सुजला, दिसायला कमी झालं किंवा एकाच नाकपुडीतून पाण्यासारखं गळायला लागलं तर मात्र ओपिनियन गोळा करत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा!)

आणि रिकाम्या हाताने जाऊ नका. ऑपरेशनआधीच्या सीटी स्कॅनची सीडी, ऑपरेशनची सविस्तर नोंद, बायोप्सी रिपोर्ट, सगळं न्या. मला काउंटरवर "फाईल देत नाही आम्ही" असं ऐकवलं गेलं. बॉस, २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात. आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१९ मध्ये राज्यांकडे पाठवलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत सेकंड ओपिनियन हा सरळ हक्क म्हणून लिहिलाय.

"मग काय, दहा डॉक्टर फिरत बसायचं?" नाही हो. मनासारखं उत्तर मिळेपर्यंत फिरणं म्हणजे सेकंड ओपिनियन नव्हे. दुसरे डॉक्टरही "ऑपरेशन करा" म्हणाले तर मी करणार. फक्त दोघांनाही एकच प्रश्न विचारणार: मागच्या वेळी काय राहिलं आणि या वेळी वेगळं काय करणार?

ज्याच्याकडे उत्तर आहे, तो या प्रश्नावर चिडत नाही. जो चिडतो, त्याच्या टेबलावर पुन्हा का झोपायचं?