विश्वामित्रीचा काठ आणि आपण

पावागडाच्या डोंगरात उगम पावणारी विश्वामित्री बडोदे शहराच्या मधून वाहते. कमाटीबागेच्या पुलावरून मगरी पाहणे हा येथील मराठी घरांतील मुलांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा छंद. ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्याच मगरी वस्त्यांत शिरल्या, तेव्हा कौतुक ओसरले आणि ‘नदीला भिंती घाला’ असा धोशा सुरू झाला. खरे सांगावयाचे तर त्यात आमचाही सूर मिसळलेला होता.

पूर ओसरल्यावर काठाने फिरताना एका कोतरात आम्हांस आमच्याच न्हाणीघरातील जुन्या निळ्या फरश्या दिसल्या. घराची डागडुजी झाली, त्या वेळी राडारोडा कोठे नेणार, हे टेम्पोवाल्यास आम्ही विचारलेच नव्हते. कोतर म्हणजे नदीकाठची घळ. पाणी चढले की ते आधी या घळींत पसरते. त्या बुजल्या म्हणजे ते घरांचा रस्ता धरते. मगरीची मादीही काठाच्या उतरत्या मातीतच अंडी घालते. काठ तासून भिंत उभारली की तिचे माहेरच तुटले!

नदीकाठ विकासाची योजना पुढे आली, तेव्हा शहरातील काही नागरिकांनी तिचे कागद बारकाईने वाचले आणि पर्यावरणविषयक मंजुरीवाचून काम चालू असल्याची तक्रार राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे नेली. मे २०१६ मध्ये कामास मनाई झाली. अंतिम निकाल लागला २५ मे २०२१ रोजी. त्यात नदीसाठी कृती आराखडा राबविण्याचा व पूरक्षेत्र राखण्याचा आदेश होता. पाच वर्षे तारखांना हजर राहण्याचा हा चिवटपणा आम्हां उत्सवप्रिय मंडळींत विरळाच. आमचे वृक्षारोपण छायाचित्र निघाले की संपते. आणि निकाल हाती आल्यावरही २०२४ चा पूर यावयाचा तो आलाच. आदेशाची अंमलबजावणी होते की नाही, हे पाहावयासही माणसे लागतात.

आमच्या गणेशोत्सव मंडळातील पाच कुटुंबांनी आता एक वही घातली आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी काठाने फेरी होते. भराव दिसला की ठिकाण, तारीख व छायाचित्र यांसह अर्ज जातो आणि त्याची शिक्क्यानिशी पोच घेतली जाते. पहिल्या नोंदीत, राडारोडा कोणाचा या रकान्यात, आमचे नाव आहे. दोन ढीग उचलले गेले. तिसऱ्यासाठी स्मरणपत्र धाडले आहे. ज्या वाचकांकडे सध्या बांधकाम चालू आहे, त्यांनी टेम्पो निघण्यापूर्वी तो कोठे रिकामा होणार, एवढे विचारून ठेवावे.