संघमित्रेच्या वाटेवरचे मजूर

मुलांना नकाशावर तामिळनाडूचे धनुष्कोडी दाखवा. समोर श्रीलंकेचे तलाईमन्नार, अंतर जेमतेम ३० किलोमीटर. त्याच्या उत्तरेला पसरलेले उथळ पाणी म्हणजे पाल्कची सामुद्रधुनी. संघमित्रा थेरी बोधिवृक्षाची फांदी घेऊन जंबुकोल बंदरात उतरली, असे महावंसात आहे. ते बंदर याच पाण्याच्या काठी, जाफनाच्या बाजूला. ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. पण याच पाण्यातून आणखी माणसे गेली, त्यांची कथा कोणी सांगत नाही.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी सिलोनच्या डोंगरात आधी कॉफीचे, मग चहाचे मळे लावले. दुष्काळाने गांजलेले तामिळ मजूर कंगाणीच्या, म्हणजे मुकादमाच्या, मागे निघाले. त्यांत परैयर, पल्लर, चक्किलियर असे अस्पृश्य मानलेले लोक फार होते. उचल घेतलेली, त्यामुळे मळ्यावर पाय ठेवण्याआधीच डोक्यावर कर्ज. आणि जात? तीही सोबत गेली.

१९४८ साली सिलोन स्वतंत्र झाले. त्याच वर्षीच्या नागरिकत्व कायद्याने बाप किंवा आजा-पणजा तिथे जन्मल्याचा पुरावा मागितला. मळ्यातल्या मजुराकडे कुठला कागद? सुमारे ७ लाख माणसे बिनदेशाची झाली. १९६४च्या शास्त्री-सिरिमाओ कराराने ५ लाख २५ हजार भारताच्या वाट्याला, ३ लाख सिलोनच्या वाट्याला आली. दीड लाखांचे पुढे बघू, असे ठरले. माणसांची अशी वाटणी झाली. त्यांना विचारले कोणी नाही. अनेकांनी जन्मभूमी सोडून रडत बोट धरली. मागे राहिलेल्यांचा प्रश्न सुटायला २००३चा कायदा यावा लागला.

आता आपली घटना पाहा. ती लागू झाली तेव्हा पाचव्या कलमाने इथे जन्मलेल्या आणि इथेच वास्तव्य असलेल्या माणसाला नागरिक मानले. आजा-पणजाचा दाखला मागितला नाही, जात विचारली नाही. हातगाडीवाल्याला तोच हक्क, गिरणीमालकालाही तोच. घटना लागू झाली त्याच वर्षी, मे १९५०मध्ये, बाबासाहेब बौद्ध परिषदेसाठी सिलोनला गेले होते.

बंधू-भगिनींनो, बोधिवृक्ष जपणारा देशही राबणाऱ्या माणसाला विसरू शकतो. वंदना रोज म्हणावी, पण शेजारच्या झोपडीत परमुलखातला मजूर आला तर त्याला आपला म्हणावे. मैत्री तिथेच कसाला लागते. आणि मुलांचे जन्मदाखले, शाळेचे दाखले नीट जपून ठेवा. कागद नसला की गरिबाचे काय होते, ते या पाण्याने पाहिले आहे.

जयभीम!